तीन लाख पस्तीस हजार नावं

मागच्या शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत आमच्या टीममधला एक नवा मुलगा काळा टी-शर्ट घालून आला होता. छातीवर मेटॅलिका. मी अर्थातच खूष. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ऑफिसात असा समानधर्मा भेटणं म्हणजे.. असो. मी विचारलं, "आवडता अल्बम कुठला रे?" तर म्हणे, "सर, तसं काही नाही, स्पॉटिफायवर जे येतं ते ऐकतो. पण हेच ना ते, ज्यांनी स्वतःच्या फॅन्सवर केस ठोकली होती?"

मी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून "छे!" म्हणालो. मग जरा थांबून "म्हणजे, अगदी तसं नाही" म्हणालो. मग डब्याची झाकणं लागली आणि सगळे उठले.

तर मंडळी, हा वीकांत त्या "अगदी तसं नाही"साठी. आधीच सांगतो, मी या प्रकरणात तटस्थ नाही. २००० साली मी अमेरिकेत एम.एस. करत होतो, आणि लार्स उलरिकला मनसोक्त शिव्या घालणाऱ्यांत माझा आवाज बराच मोठा होता.

पण सुरुवात पुण्यापासून करतो, कारण माझी मेटॅलिकाशी ओळखच चोरीच्या मार्गाने झाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शहरात अशी दुकानं असायची जिथे कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की आठवड्याने कॅसेट भरून मिळायची. बहुतेक लोक लताबाई, किशोरकुमार भरून घ्यायचे. एका बोळातल्या दुकानदाराकडे मात्र कुणा परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाच्या कृपेने रॉकच्या एलपी होत्या. 'मास्टर ऑफ पपेट्स' मी तिथून भरून घेतला. हा अल्बम १९८६चा, आठ गाणी, जेमतेम पंचावन्न मिनिटं. पहिली चार गाणी सत्तावीस मिनिटांच्या आत, पुढची चार अठ्ठावीसच्या आत. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन बाजूंना अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. ब बाजूला 'ओरायन' होतं, शब्दच नसलेलं, क्लिफ बर्टनच्या बासवर उभं असलेलं. तो माणूस त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून चोविसाव्या वर्षी गेला, हे मला कळायला पुढे तीन वर्षं लागली. तेव्हा अशा बातम्याही कॅसेटसारख्याच हातोहात यायच्या.

त्या कॅसेटचे पैसे दुकानदाराला मिळाले. मेटॅलिकाला काही नाही. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आणि गंमत अशी की तेव्हा मेटॅलिकालाही वाटलं नसतं. त्यांचं सगळं बस्तानच मुळी कॅसेटच्या नकलांवर बसलं होतं. १९८२ साली त्यांनी 'नो लाइफ टिल लेदर' नावाचा डेमो केला आणि तो हेवी मेटलच्या वेड्यांनी टपालाने एकमेकांना कॅसेटवर उतरवून पाठवत अमेरिकाभर आणि युरोपात नेला. त्याला टेप ट्रेडिंग म्हणत. लार्स स्वतः या टोळीतला पट्टीचा गडी. डेन्मार्कहून कॅलिफोर्नियात आलेला, टेनिसपटू बापाचा मुलगा, १९८१ साली 'डायमंड हेड' या ब्रिटिश बँडच्या मागे थेट इंग्लंडला जाऊन राहिलेला. पुढे मेटॅलिका मोठी झाल्यावरही मैफिलीत चाहत्यांनी रेकॉर्डर आणायला त्यांची परवानगी असायची. ही पद्धत 'ग्रेटफुल डेड'ने रुळवलेली. त्यांनी तर १९८४पासून टेप करणाऱ्यांसाठी मैफिलीत वेगळी जागाच राखून ठेवली होती.

मग हाच लार्स २००० साली एवढा का पिसाळला?

याचं उत्तर देण्याआधी थोडा कायद्याचा इतिहास. (कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण मग कॅन्टीनमध्ये माझ्याशी वाद घालायला येऊ नका.)

संगीताची नक्कल करणारं नवं यंत्र आलं की कायदा आधी गोंधळतो, ही गोष्ट शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो होते. कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडलेली असायची, ती फिरली की गाणं वाजायचं. आमच्या धंद्यातल्या लोकांना पंचकार्ड आठवतील. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या गुंडाळ्या म्हणजे गाण्याची नक्कल नव्हेच, कारण माणसाला त्या वाचता येत नाहीत! संगीतकार हवालदिल. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, संसदेने कायदा बदलला: संगीतकाराने एकदा कुणालाही गाणं यंत्रावर वाजवू दिलं की मग कुणीही ते वाजवावं, दर प्रतीमागे दोन सेंट द्यावेत. म्हणजे नकार देण्याचा हक्क गेला, पण पैसे मिळाले.

आणखी एक गोष्ट मला बरीच वर्षं ठाऊक नव्हती. गाण्याचे शब्द आणि चाल यांना अमेरिकेत कॉपीराइट होता, पण प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला संघीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याआधी जे काही होतं ते राज्याराज्यांचे निरनिराळे कायदे. १९६९ साली बॉब डिलनची अप्रकाशित गाणी 'ग्रेट व्हाइट वंडर' नावाच्या चोरट्या एलपीवर लॉस एंजेलिसमध्ये विकली गेली, तिथून रॉकमधल्या बूटलेगचा जमाना सुरू झाला. मग आली कॅसेट. १९८१ साली ब्रिटिश रेकॉर्ड कंपन्यांनी मोहीम काढली की घरची टेपिंग संगीताला मारतेय. 'डेड केनेडीज' या पंक बँडने त्याच वर्षी आपल्या कॅसेटची एक बाजू चक्क कोरी सोडली आणि वर छापलं की ही बाजू तुम्हाला मदत म्हणून ठेवलीय. १९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरचा खटला सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा सुटला: ज्या यंत्राचा मोठ्या प्रमाणावर कायदेशीर उपयोग होऊ शकतो, ते विकणाऱ्याला दोषी धरता येणार नाही. हा निकाल लक्षात ठेवा. पाचातला एक जण फिरला असता तर आज आपल्या धंद्याचं काय झालं असतं, याचा विचार मी अधूनमधून करतो.

डिजिटल टेप आली तेव्हा कंपन्यांना खरी धडकी भरली. कारण साध्या कॅसेटच्या नकलेची नक्कल केली की खरखर वाढते, चौथ्या-पाचव्या पिढीला ढोल आहे की पत्र्याचा डबा ते कळत नाही. डिजिटलला पिढ्याच नाहीत, हजारावी नक्कल पहिलीसारखीच. म्हणून १९९२ साली एक तोडगा निघाला: यंत्रात असं सर्किट घाला की मूळ प्रतीची नक्कल होईल, पण नकलेची नक्कल होणार नाही. शिवाय यंत्रामागे आणि कोऱ्या टेपमागे थोडा आकार. मला हा कायदा आजही हुशार वाटतो. फक्त त्यात एक भोक राहिलं. संगणक ही ध्वनिमुद्रणाची वस्तू नव्हे, असं सगळ्यांनी धरून चाललं. १९९८ साली 'रिओ' या ३२ मेगाबाइटच्या एमपी३ प्लेयरवर कंपन्यांनी दावा लावला, तेव्हा १९९९ साली अपील न्यायालयाने नेमकं त्याच भोकावर बोट ठेवून त्यांची मागणी फेटाळली.

आता एमपी३. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. 'मास्टर ऑफ पपेट्स' सीडीवर सुमारे ५८० मेगाबाइट होतो. जर्मनीत एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळींनी कानाच्या मर्यादांचा फायदा उठवला. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाशेजारी उभं असताना कुणी कानात पुटपुटलं तर ऐकू येतं का? नाही ना? मग ते पुटपुटणं साठवायचंच कशाला. ही कल्पना गणितात बसवली की तोच अल्बम १२८ किलोबिटला ५३ मेगाबाइटमध्ये मावतो. घरच्या टेलिफोन मोडेमवर सेकंदाला पाचेक किलोबाइट मिळायचे. सीडी जशीच्या तशी उतरवायला बत्तीस तास लागले असते, एमपी३ला तीन. आणि विद्यापीठाच्या नेटवर्कवर? चहा करून येईपर्यंत.

जून १९९९मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग या पोराने, शॉन पार्कर या मित्राच्या साथीने, नॅपस्टर काढलं. कल्पना अगदी साधी. गाणी तुमच्याच संगणकावर राहतात. नॅपस्टरच्या सर्व्हरवर फक्त सूची: कुणाकडे काय आहे. तुम्ही शोध घ्या, सर्व्हर पत्ता सांगेल, मग तुमचा संगणक आणि त्याचा संगणक परस्पर बघून घेतील. दोनेक वर्षांत अडीच कोटींच्या वर वापरणारे झाले.

आमच्या घरात आम्ही चौघं देशी पोरं होतो. एक संगणक रात्रंदिवस चालू. काय काय मिळालं म्हणून सांगू! पिंक फ्लॉइडच्या मैफिली, डीप पर्पलची जपानमधली रेकॉर्डिंग्ज, आणि एकदा रात्री दोन वाजता वसंतराव देशपांडे. कुणा अनोळखी माणसाच्या संगणकावरून. त्या रात्री आम्ही चौघंही कामं सोडून बसलो होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण नॅपस्टरचा इतिहास कंपन्या आणि वकील यांचाच लिहिला जातो आणि तो आनंद त्यातून निसटतो. दुकानात नसलेलं, छापणं बंद झालेलं, कुणीतरी जपून ठेवलेलं संगीत एका सूचीत आलं होतं. तसं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

पण एक कबुली. माझं शेअर फोल्डर बंद असायचं. 'अपलोडने नेट स्लो होतं' हे कारण. फुकट घ्यायचं, द्यायचं नाही.

डिसेंबर १९९९मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी दावा लावला. तो अपेक्षितच होता. कंपन्यांबद्दल कुणालाच सहानुभूती नव्हती, आणि का असावी? मे २०००मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच मोठ्या कंपन्यांशी समझोता केला. दुकानांनी सीडी ठरावीक किमतीखाली जाहिरात करून विकू नये म्हणून त्या कंपन्या दडपण आणत होत्या, आणि त्यापायी गिऱ्हाइकांनी तीनेक वर्षांत ४८ कोटी डॉलर जास्त मोजले असा आयोगाचा अंदाज होता. त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका दाव्यातून २००४ साली गिऱ्हाइकांना १३ डॉलर ८६ सेंटचे चेक आले. कलाकारांशी या कंपन्या कशा वागत? नोव्हेंबर १९९९मध्ये उपग्रह टीव्हीच्या कायद्यात गुपचूप एक ओळ घुसवली गेली, की ध्वनिमुद्रण हे 'नोकरीत केलेलं काम' धरता येईल. अर्थ असा की कलाकाराला ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याची जी तरतूद होती ती गेली. ज्या सरकारी कर्मचाऱ्याने ती ओळ घातली तो थोड्याच दिवसांत कंपन्यांच्या संघटनेत नोकरीला लागला. बोंबाबोंब झाल्यावर २००० साली ती ओळ रद्द झाली.

म्हणून जेव्हा १३ एप्रिल २००० रोजी मेटॅलिकाने नॅपस्टरवर दावा लावला, तेव्हा आम्हाला तो विश्वासघात वाटला. कंपन्या ठीक, पण हे? टेप ट्रेडिंगवर वाढलेले हे लोक?

मूळ प्रकरण 'आय डिसपिअर' या गाण्याचं. 'मिशन इम्पॉसिबल २'साठी ते गाणं चाललं होतं. पुरं झालं नव्हतं. आणि एक दिवस त्यांना कळलं की ते रेडिओवर वाजतंय. शोध घेतला तर अपुरी आवृत्ती नॅपस्टरवरून फिरत होती. तिथे त्यांना आपला उरलेला सगळा संसारही मांडलेला दिसला. दाव्यात नॅपस्टरबरोबर येल, इंडियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया ही तीन विद्यापीठंही होती. विद्यापीठांनी नॅपस्टर बंद करताच त्यांची नावं वगळली गेली. (आमच्या विद्यापीठाने घाबरून आधीच बंद केलं. आम्ही दोन दिवसांत दुसरी वाट काढली, ती मी इथे सांगणार नाही, माझी मुलगी हा ब्लॉग वाचते.)

नॅपस्टरचं म्हणणं, आम्ही नुसती सूची ठेवतो. कोण चोरी करतंय ती नावं द्या, आम्ही त्यांना काढून टाकू. त्यांना वाटलं असणार की कोण देतंय नावं. ३ मे २००० रोजी लार्स वकिलासह सॅन मटेओमधल्या त्यांच्या ऑफिसच्या दारात तेरा खोकी घेऊन हजर झाला. साठ हजार पानं. ३,३५,४३५ नावं. शोधणाऱ्या फर्मने एका वीकांतात गोळा केलेली. बाहेर पत्रकार, आणि हुर्यो करणारे चाहते.

ती छायाचित्रं बघून आम्ही पोट धरून हसलो होतो. कागदावर! साठ हजार पानं छापून! कोट्यधीश ढोलकीवाला पोराटोरांची नावं कागदावर आणतोय. त्यानंतर लार्सवर जी व्यंगचित्रं, जे अ‍ॅनिमेशनचे विनोद निघाले ते आम्ही एकमेकांना पाठवत होतो. सप्टेंबरमध्ये एमटीव्हीच्या समारंभात फॅनिंग मेटॅलिकाचा टी-शर्ट घालून आला, मित्राकडून घेतलाय, शेअर करतोय अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि हशा वसूल केला.

आता त्या कॅन्टीनमधल्या प्रश्नाचं उत्तर. नॅपस्टरने ती तीन लाखांवर खाती बंद केली. पण कायद्यात तरतूद होती: ज्याला वाटतं आपलं नाव चुकून आलंय त्याने तसं लिहून द्यावं. मग तक्रारदाराने ठरावीक दिवसांत त्या माणसावर स्वतंत्र दावा लावायचा, नाहीतर खातं परत. हजारो लोकांनी तसं लिहून दिलं. मेटॅलिकाने त्यातल्या एकावरही दावा लावला नाही. खाती परत मिळाली. म्हणजे फॅन्सवर केस अशी झालीच नाही.

फॅन्सवर केसेस केल्या त्या रेकॉर्ड कंपन्यांनी, ८ सप्टेंबर २००३ला, एका दिवसात २६१. त्यात न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी होती, तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून सुटका करून घेतली. मिनेसोटातल्या एका बाईला चोवीस गाण्यांसाठी २००७ साली २,२२,००० डॉलर दंड झाला. फेरसुनावणीत तो १९ लाख २० हजार झाला, म्हणजे गाण्यामागे ८०,००० डॉलर. २०१२ साली अपिलात परत २,२२,०००वर आला. ही रक्कम कुठून येते? कायद्यात एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत, अशी भरपाई लिहिलेली आहे. ती धंदेवाईक चोरांसाठी होती. ती घरातल्या संगणकाला लावली की असं होतं. २००८च्या शेवटी कंपन्यांनी हा उद्योग थांबवला. तोवर हजारो घरांना नोटिसा गेल्या होत्या. ही खरी लाजिरवाणी गोष्ट, पण लोकांच्या आठवणीत तिच्यावर चेहरा बसला तो लार्सचा. कारण कंपन्यांना चेहरा नसतो.

नॅपस्टरचं पुढे काय झालं ते थोडक्यात. जुलै २०००मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी मनाई हुकूम दिला, दोन दिवसांत अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि १२ फेब्रुवारी २००१ला बीटामॅक्सचा बचाव फेटाळला. फरक काय? सोनीने व्हिडिओ विकला की तिचा संबंध संपला. नॅपस्टरचा सर्व्हर रोज चालू होता, त्यातून काय जातंय हे कंपनीला ठाऊक होतं आणि थांबवणं हातात होतं. मार्चमध्ये गाळणी लावायला सांगितलं. जुलैत कंपनी म्हणाली की ९९.४ टक्के अडवतोय. न्यायाधीश म्हणाल्या, पुरेसं नाही. जुलै २००१मध्ये नॅपस्टर बंद पडलं. माझ्यासारख्या प्रोग्रामरला यातली मजेची बाब ही की त्यानंतरची प्रत्येक प्रणाली जणू निकालपत्र समोर ठेवूनच रचली गेली. मध्ये सूची होती म्हणून अडकलात? ठीक, सूचीच नको. काझा, ग्रोक्स्टर. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रोक्स्टरला एकमताने धरलं ते मग वेगळ्या कारणाने: तुमची रचना कशीही असो, चोरीला या म्हणून तुम्ही लोकांना आमंत्रण देत होतात.

आता माझी गोष्ट. ही लिहावी की नाही यावर दोन दिवस घालवले.

२००२च्या सुरुवातीची गोष्ट असेल. पुण्यातला माझा कॉलेजचा मित्र, उत्तम गिटार वाजवणारा. नोकरी सांभाळून तीन-चार जणांचा बँड. त्यांनी वर्षभर पैसे साठवून, काही वडिलांकडून घेऊन, स्टुडिओ भाड्याने घेतला आणि स्वतःच्या गाण्यांचा अल्बम करायला घेतला. त्याने मला टपालाने एक सीडी-आर पाठवली. वर मार्करने लिहिलेलं, 'कच्चं'. आत चिठ्ठी: ऐकून सांग कसं वाटतंय, गाणं नंतर परत गाणार आहोत.

मला प्रचंड आवडलं. खरंच. आणि मी काय केलं? एमपी३ केल्या आणि कॅम्पसच्या नेटवर्कवर टाकल्या. वर्षानुवर्षं बंद असलेलं माझं शेअर फोल्डर पहिल्यांदा उघडलं ते यासाठी. मला वाटलं, प्रचार होईल. तिथून कुणीतरी देशातल्या मित्राला पाठवलं, तिथून त्या मित्राच्या हॉस्टेलवर. आठ-दहा महिन्यांनी पक्का अल्बम आला, पाचशे सीडी छापून, तेव्हा ज्या कॉलेजांत ते वाजवायला जायचे तिथल्या पोरांना गाणी पाठ होती. कच्ची. दोन गाण्यांत आवाज बेसूर होता, एका गाण्याचे शब्द त्यांनी नंतर बदलले होते. पोरं जुनेच शब्द ओरडायची. सीडी कोण घेणार? पाचशेतल्या बऱ्याचशा त्यांच्या घरी कॉटखाली राहिल्या.

२००३च्या डिसेंबरात मी सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्याकडे जेवायला गेलो. त्याला माहीत होतं. मी विषय काढेपर्यंत तो काही बोलला नाही. मी सगळी भाषणं तयार ठेवली होती: चार लोकांपर्यंत पोचलं ना, नाव झालं ना, सीडी तशाही खपत नाहीत.

तो म्हणाला, "अरे, फुकट द्यायचंच होतं तर मीच दिलं असतं की. पण पक्कं दिलं असतं. तू एकदा विचारायचंस."

काकू वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "कशाला जुनं उकरताय, गरम आहे तोवर खा."

मी खाल्लं. पण परतीच्या विमानात मला ती तेरा खोकी आठवली. लार्स २००० सालभर, जुलैत सिनेट समितीसमोर सुद्धा, नेमकं हेच तर सांगत होता: आम्ही चाहत्यांना मैफिली टेप करू देतो, कारण ते आम्ही ठरवलंय. हे आम्ही ठरवलेलं नाही. पैशाचा मुद्दा त्याच्या बोलण्यात होता, नव्हता असं नाही, आणि कोट्यधीशाने तो मांडला की हसू येतंच. पण अपुरं गाणं बाहेर गेल्याचा जो राग होता त्याचा पैशाशी फारसा संबंध नव्हता. मी दोन वर्षं ती केस वाचून काढली होती, निकालपत्रासकट. वाचूनही तीच गोष्ट मित्राला केली, आणि करताना एकदाही जोडणी लागली नाही.

याचा अर्थ नॅपस्टरवाले चूक आणि लार्स बरोबर असं मी म्हणत नाहीये. 'पब्लिक एनिमी'चा चक डी तेव्हा नॅपस्टरच्या बाजूने लार्सशी टीव्हीवर वाद घालत होता, त्याचं म्हणणं आजही वजनदार आहे: ज्यांना रेडिओ आणि कंपन्या दारात उभं करत नाहीत त्यांच्यासाठी हे नवं दार आहे. रेडिओहेडचा 'किड ए' ऑक्टोबर २०००मध्ये आला, त्याआधीच तो नॅपस्टरवर फुटला होता, आणि तरी किंवा कदाचित म्हणूनच अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तो अल्बम रेडिओवर कुणी वाजवला नसता. दुसरीकडे, अमेरिकेतली रेकॉर्डविक्री १९९९ साली १४.६ अब्ज डॉलर होती, २०१४च्या सुमाराला ती निम्म्याहून खाली आली. यातलं किती फाइल शेअरिंगमुळे आणि किती लोकांना एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यायला लावणं बंद झाल्यामुळे, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. अ‍ॅपलने एप्रिल २००३मध्ये ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं, पहिल्या आठवड्यात दहा लाख खपली. मेटॅलिका तिथे आली २००६ साली. २०१२च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये स्पॉटिफायच्या कार्यक्रमात लार्स आणि शॉन पार्कर (हो, तोच) एका मंचावर बसले. त्या सुमारास मेटॅलिकाने आपल्या सगळ्या मूळ मुद्रणांची मालकी आपल्या हातात घेऊन स्वतःचं लेबल काढलं होतं. ठरवणारे अजून तेच.

आणि नॅपस्टर? २००० साली 'द ऑफस्प्रिंग' या बँडने नॅपस्टरचं बोधचिन्ह छापून टी-शर्ट विकायला काढले, परवानगी न घेता. नॅपस्टरने त्यांना वकिलाची नोटीस पाठवली होती! नंतर हसं होतंय हे बघून मागे घेतली. ही गोष्ट मी कुणालाही सांगायची संधी सोडत नाही.

३० ऑक्टोबर २०११ला मेटॅलिका बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर आली तेव्हा मी आणि तो मित्र बरोबर गेलो होतो. दोघांचीही तिकिटं मी काढली. तो म्हणाला, "वसुली समजू का?" मी म्हटलं, "व्याज समज." चिखलात तीन तास उभे होतो. लार्स ढोलावर उभा राहून लोकांकडे बघत होता आणि माझ्या पुढचा पोरगा अख्खं गाणं मोबाइलवर टिपत होता.

हा लेख लिहिण्याआधी मित्राला फोन केला. लिहू का म्हणून विचारलं. "लिही. नाव घालू नकोस," म्हणाला. मग म्हणाला, त्याच्या बँडमधल्या दुसऱ्या एकाने जुनी गाणी परत काढायचं डोक्यात घेतलंय, आणि गंमत म्हणजे 'कच्चं'ची एकही प्रत त्यांच्याकडे उरलेली नाही. जालावर शोधली, कुठेच नाही. बदललेलं ते गाणं त्यांना आता जुन्याच शब्दांत हवंय. "तुझ्याकडे आहे का रे ती सीडी?"

शनिवारी सकाळी माळ्यावर चढलो. एका खोक्यात सापडली, मार्करचं अक्षर फिकट झालंय. खालची बाजू एका कडेला ढगाळ दिसतेय. आमच्या घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही. शेजाऱ्यांचा यूएसबी ड्राइव्ह आणला, त्याने पहिली चार गाणी दिली, पाचव्यावर नुसता घरघरत राहिला. मित्राचं गाणं सातवं आहे. दुसरा, जरा जुना ड्राइव्ह मागवलाय, मंगळवारपर्यंत येईल म्हणतात.